बॉयलर एक, कागद तीन : ब्रिटनमध्ये घर गार पडलं तर जबाबदारी कुणाची?

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. त्या पासपोर्टवर ब्रिटनला गेलेल्या गोमंतकीयांची स्विंडनसारख्या शहरात आज मोठी वस्ती आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातलीही मुलं शिक्षणाला, नोकरीला तिकडे जातात. बेळगावात थंडी पडली तर स्वेटर आणि जाड रग यावर भागतं. तिकडे भागत नाही. घर गरम ठेवणारी यंत्रणा जानेवारीत बंद पडली तर घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असताना एक रात्र काढणंही कठीण. आणि नेमकं त्याच वेळी प्रश्न येतो, दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा?

याचं उत्तर तीन वेगवेगळ्या कागदांत असतं : भाडेकरार, विमा पॉलिसी आणि वॉरंटी. बहुतेकांचा घोटाळा होतो तो एका कागदाचं काम दुसऱ्याकडून होईल असं धरून चालल्यामुळे. इथे दिलेले भाडेकराराचे नियम इंग्लंडचे आहेत. वेल्स आणि स्कॉटलंडचे कायदे वेगळे आहेत.

सेंट्रल हीटिंग म्हणजे काय?

आपल्याकडचा गीझर फक्त न्हाणीघरापुरता. तिकडे बहुतेक घरांत गॅसवर चालणारा एक बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी पाइपांमधून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो आणि खोली गरम होते. नळाचं गरम पाणीही बहुधा त्याच बॉयलरमधून येतं. म्हणजे बॉयलर बसला की खोली गार आणि अंघोळही गार.

भाडेकरार : कायदा कराराच्या वर

इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्याचं कलम ११ महत्त्वाचं. भाडेकरार ७ वर्षांपेक्षा कमी मुदतीचा असेल, तर खोल्या गरम ठेवणारी आणि पाणी तापवणारी यंत्रणा दुरुस्त आणि चालू ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. 'बॉयलरचा खर्च भाडेकरूने करावा' असं करारात छापलेलं असलं आणि त्यावर सही झालेली असली तरी ते कलम चालत नाही. कोर्टाची आधी परवानगी घेतली असेल तरच अपवाद.

दुसरा नियम १९९८ चा, गॅस सुरक्षेचा. भाड्याने दिलेल्या घरातल्या घरमालकाच्या गॅस उपकरणांची दर १२ महिन्यांनी 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्या मेकॅनिककडून तपासणी झाली पाहिजे. नव्या भाडेकरूला तो दाखला राहायला येण्याआधी आणि जुन्या भाडेकरूला तपासणीनंतर २८ दिवसांच्या आत मिळायला हवा. त्याचे पैसे भाडेकरूकडून घेता येत नाहीत. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून गॅस बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणंही घरमालकाला बंधनकारक आहे. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस दगावू शकतो. त्यामुळे हा दाखला आणि हा अलार्म निव्वळ कागदी सोपस्कार नव्हेत.

पण यात एक मेख आहे. घराच्या आत बिघाड झाला तर घरमालकाची जबाबदारी त्याला तो कळल्यापासून सुरू होते. म्हणून एजंटला तोंडी सांगून थांबू नये. ईमेल किंवा मेसेज करावा, तारीख टाकावी, फोटो जोडावा. कलम ११ दुरुस्तीसाठी ठराविक तास सांगत नाही, दुरुस्ती 'वाजवी वेळेत' व्हावी अशी अपेक्षा असते. कडाक्याच्या थंडीतला वाजवी वेळ उन्हाळ्यापेक्षा अर्थातच कमी. दाद मिळत नसेल तर स्थानिक कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडे तक्रार करता येते. घरातली अति थंडी हा २००४ च्या गृहनिर्माण कायद्याखालच्या तपासणीत धोका म्हणून मोजला जातो. मात्र रागाच्या भरात भाडं थांबवू नये. थकबाकी दिसली की उलट भाडेकरूच अडचणीत येतो.

भाडेकरूच्या वाट्यालाही काही कामं येतात. १९५३ च्या वॉरन विरुद्ध कीन या खटल्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी ती अगदी घरगुती भाषेत मांडली. तुंबलेलं सिंक मोकळं करणं, हिवाळाभर बाहेर जाणार असेल तर पाणी बंद करून बॉयलर रिकामा करणं, ही भाडेकरूने करायची कामं. नैसर्गिक झिजेची दुरुस्ती मात्र त्याच्या गळ्यात मारता येत नाही.

विमा : पाण्याचं नुकसान मिळेल, जुना बॉयलर नाही

भाड्याच्या घरात इमारतीचा विमा घरमालकाचा असतो. भाडेकरूचा टीव्ही, कपडे, लॅपटॉप त्यात येत नाहीत. त्यासाठी सामानाचा वेगळा विमा लागतो.

स्वतःचं घर असलेल्यांचा गोंधळ वेगळा. पाइप फुटून छत, फरशी, गालिचा खराब झाला तर नेहमीच्या घर विम्यात तो दावा बसतो. बॉयलर जुना होऊन बंद पडला तर बसत नाही, कारण झीज आणि यांत्रिक बिघाड सहसा वगळलेले असतात. त्यासाठी 'होम इमर्जन्सी' नावाची जोड पॉलिसी मिळते. तीतही दर खेपेला खर्चाची मर्यादा असते. बॉयलर ठराविक वयापेक्षा जुना असेल किंवा त्याची वार्षिक सर्व्हिसिंग झालेली नसेल, तर बऱ्याच कंपन्या हात वर करतात.

गावी येणाऱ्यांना सगळ्यात जास्त महागात पडतं ते रिकाम्या घराचं कलम. नाताळ किंवा लग्नसराईसाठी माणसं डिसेंबर-जानेवारीत गोव्याला, बेळगावला येतात आणि रजा जोडून महिना-दीड महिना राहतात. बहुतेक पॉलिसींत घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं, काहींत ६० दिवस, तर पाणीगळतीचं संरक्षण थांबतं. काही पॉलिसी हिवाळ्यात त्याहून कमी दिवस रिकामं राहणाऱ्या घरालाही अट घालतात : हीटिंग ठराविक तापमानावर चालू ठेवा, नाहीतर पाणी बंद करून पाइप रिकामे करा.

अटीमागचं कारण साधं आहे. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे ९ टक्के जास्त जागा घेतो. त्या दाबाने पाइप तडकतो. बर्फ वितळला की पाणी वाहायला लागतं आणि रिकाम्या घरात ते बंद करायला कुणी नसतं. वीज-गॅस वाचवायचा म्हणून हीटिंग पूर्ण बंद करून विमान पकडणं त्यामुळे परवडत नाही. निघण्याआधी विमा कंपनीला तारखा कळवल्या तर काही वेळा थोडे जास्त पैसे भरून संरक्षण वाढवून मिळतं.

वॉरंटी : घराची वेगळी, बॉयलरची वेगळी

नव्या घरावर साधारण १० वर्षांची वॉरंटी मिळते. आकडा ऐकून वाटतं, दहा वर्षं बघायला नको. पण सर्वात परिचित असलेल्या एनएचबीसीच्या योजनेत पहिली २ वर्षं दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरची आणि त्यानंतरचं संरक्षण मुख्यतः पाया, भिंती, छप्पर अशा बांधकामातल्या मोठ्या दोषांसाठी असतं. चौथ्या वर्षी बॉयलरचा पंप गेला तर त्या कागदाचा उपयोग नाही.

तिथे बॉयलर बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी बघावी लागते. तिच्या बहुधा दोन अटी असतात : बॉयलर बसवल्यावर मुदतीत नोंदणी आणि दरवर्षी सर्व्हिसिंग. एक वर्ष चुकलं तरी उरलेली वॉरंटी जाऊ शकते. म्हणून सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती जपून ठेवावी. गॅस सुरक्षेची तपासणी आणि बॉयलरची सर्व्हिसिंग ही दोन वेगळी कामं आहेत, हेही ध्यानात ठेवायला हवं.

फ्लॅट विकत घेतला असेल तर?

इंग्लंडमध्ये विकत घेतलेला फ्लॅटही बहुतेक वेळा ९९ किंवा १२५ वर्षांच्या लीजवर असतो. त्याला कलम ११ लागू होत नाही. फ्लॅटच्या आतला बॉयलर सहसा फ्लॅटधारकाने सांभाळायचा असतो. साऱ्या इमारतीला एकच हीटिंग असेल तर त्याची दुरुस्ती मालक किंवा व्यवस्थापन कंपनी करते आणि खर्च सर्व्हिस चार्जमधून वसूल होतो. हद्द कुठल्या पाइपपाशी संपते हे लीजमध्ये लिहिलेलं असतं. सॉलिसिटरला हा प्रश्न घर घेण्याआधी विचारायचा असतो.

बंद पडलाच तर

गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडावं आणि ०८०० १११ ९९९ या मोफत आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. करार, पॉलिसी नंतर.

तसं काही नसेल तर भाडेकरूने आधी घरमालकाला लेखी कळवावं. घर स्वतःचं आणि दोन वर्षांच्या आतलं असेल तर बिल्डरला, बॉयलर वॉरंटीत असेल तर बॉयलर कंपनीला, नसेल तर होम इमर्जन्सी पॉलिसीवाल्यांना फोन करावा. पाणी सांडून नुकसान झालं असेल तर मुख्य विमा कंपनीला लगेच कळवून फोटो काढून ठेवावेत. त्यांना न विचारता स्थानिक प्लंबर बोलावला तर बिल पुढे मंजूर होईलच असं नाही.

विमा कंपनीने दावा फेटाळला तरी तो शेवटचा शब्द नसतो. आधी कंपनीकडे तक्रार करायची. तिचं अंतिम उत्तर पटलं नाही किंवा ८ आठवड्यांत आलंच नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे जाता येतं. ग्राहकाला त्याचे पैसे पडत नाहीत. अंतिम उत्तर आल्यापासून मुदत ६ महिन्यांची असते.

यंदा हिवाळ्यात गावी येणाऱ्यांनी तिकीट काढतानाच पॉलिसीतलं रिकाम्या घराचं पान उघडावं, दिवस मोजावेत आणि चावी एखाद्या शेजाऱ्याकडे द्यावी. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे तेवढं त्याला दाखवून ठेवावं.