वाईनची द्राक्षे आणि एकच गिऱ्हाईक

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाईन विक्रीस ठेवू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाद रंगला तो वाईन ही दारू आहे की नाही यावर. ती दारूच आहे. त्यात घोळ घालण्याचे कारण नाही. विरोधामुळे निर्णय अमलात आला नाही. मात्र त्याच्या समर्थनार्थ शेतकऱ्याच्या हिताचा जो दाखला दिला गेला, तो तपासण्याचे कोणाला सुचले नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला उसाऐवजी ठिबकवरची द्राक्षे लावा, असा सल्ला वरचेवर दिला जातो. म्हणून ही तपासणी आपणच केलेली बरी.

पांढऱ्या वाईनचा जीव तिच्या आंबटपणात असतो. उष्ण हवेत द्राक्ष पिकू लागले की साखर झपाट्याने वाढते आणि आम्ल घटते. हवा थंड असली तर आम्ल टिकून वाईन तरतरीत उतरते. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात १९७३ मध्ये मोठ्या प्रमाणावर द्राक्षलागवड सुरू झाली, तेथे ही थंडी समुद्रकिनारा फुकट पुरवितो. आपला किनारा दमट व उष्ण. तो या कामाचा नाही. नाशिककरांनी यावर तोड काढली. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी केली की घड हिवाळ्यातील गार रात्रींत पिकतात. पुढे रस स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून आंबवायचा. समुद्र जे फुकट देतो, ते येथे विजेच्या बिलात मोजावे लागते! तरीही २००० साली ‘सुला’ची सोव्हिन्यों ब्लां बाजारात आली आणि ही गोष्ट साधते हे दिसले. लातूरची उंचीही सहाशे मीटरांच्या आसपास आहे. नांदेड बरेच खाली असल्याने तेथे हे अवघड.

पण खरी अडचण हवेची नाही. खाण्याचे द्राक्ष विकले गेले नाही तर त्याचा बेदाणा करता येतो. सोलापूर-तासगावचे बागायतदार तेच करतात. वाईनचे द्राक्ष बारीक, बियांचे आणि जाड सालीचे. ते ना पाटीत शोभते, ना बेदाण्याला चालते. त्याला गिऱ्हाईक एकच, वाईनचा कारखाना. २००८ नंतरच्या मंदीत कारखान्यांनी माल उचलण्यास हात आखडता घेतला, तेव्हा नाशिककडच्या अनेकांनी उभ्या बागा उपटल्या. वेल फळाला येण्यास दोन-तीन वर्षे लागतात, तारा-मांडवाचा खर्च वेगळा. हे ज्याने सोसले त्यालाच त्या उपटण्याचा अर्थ कळेल.

उसावर कितीही टीका करा, त्याला रास्त व किफायतशीर दराचा कायदेशीर आधार आहे. वाईनच्या द्राक्षाला तो नाही. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले, विंचूर व पलूस येथे वाईन पार्क उभारले, कारखान्यांना करसवलती दिल्या. लातूरच्या शेतकऱ्याला ऊस सोडण्यास सांगणाऱ्यांनी आधी एवढेच सांगावे, की पहिल्या पिकापासून किती वर्षे, कोणत्या भावाने आणि कोणाच्या सहीने हा माल उचलला जाणार आहे?