मत्स्यटाकीतील हिरवाई जपताना

मत्स्यटाकीत प्लॅस्टिकच्या रोपांऐवजी जिवंत जलवनस्पती लावल्यास टाकीचे सौंदर्य खुलते. माशांच्या उत्सर्जनातून निर्माण होणारा अमोनिया आणि नायट्रेट या वनस्पती शोषून घेतात. मात्र निवड वा लागवड चुकल्यास रोपे कुजून तोच अमोनिया वाढतो आणि मासे दगावू शकतात.

नवशिक्यांनी कमी प्रकाशातही तग धरणाऱ्या जावा फर्न किंवा अनुबियास या वनस्पती निवडाव्यात. त्यांचे आडवे खोड वाळूत पुरल्यास कुजते. म्हणून ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे. वॅलिसनेरियाची मुळे मात्र वाळूतच रोवावीत. दिवा रोज सुमारे ८ तास पुरेसा असतो; त्याहून अधिक प्रकाश म्हणजे शेवाळाला आमंत्रणच.

वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, रात्री मात्र तोच वापरतात. दाट लागवडीच्या टाकीत पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असल्यास रात्री हवेचा पंप सुरू ठेवावा.

छाटलेली रोपे नदी-तलावात टाकू नयेत. मूळची दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी शोभेची वनस्पती म्हणूनच भारतात आली होती. पवना, उल्हास या नद्यांना तिचा पडलेला विळखा सर्वांनी पाहिला आहे.