विमानतळाच्या शेजारची शेती

कोल्हापूरजवळचा उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ साली बांधला. मधल्या काळात तेथील प्रवासी सेवा कधी चालू, तर कधी बंद राहिली. २०१८ साली 'उडान' योजनेतून ती पुन्हा सुरू झाली. मार्च २०२४ मध्ये नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. आज तेथे रात्री विमान उतरण्याची सोय आहे, अग्निशमन दल आहे.

पण एक काम शेजारच्या शिवारांनाच करावे लागते. उतरताना आणि उडताना विमान खाली असते. त्या वेळी घार किंवा कावळा इंजिनात शिरला, तर प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच विमानतळाभोवती १० किलोमीटरपर्यंत पक्ष्यांना ओढणारी घाण व कचरा उघड्यावर टाकण्यास कायद्याने बंदी आहे. मेलेले जनावर ओढ्याकाठी टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

दुसरी गोष्ट उसाच्या पाचटाची. पाचट पेटवले की धुराने वैमानिकाला धावपट्टी नीट दिसत नाही, आणि आपल्या जमिनीचा कसही जळतो. त्यापेक्षा पाचट सरीत पसरा. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या. पाचट कुजून खत होईल, ओल टिकेल आणि तणही कमी उगवेल.

यंदाच्या तोडणीनंतर काडेपेटी घरीच ठेवा, एवढीच विनंती.