टेन्सचं टेन्शन

*चार रूपांचं क्रियापद आणि त्यावर अडलेलं प्रमोशन*

हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत माझा एक मित्र आहे. मूळचा बार्शीचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम. कोडिंगमध्ये बापमाणूस! पण क्लायंटचा कॉल सुरू झाला की साहेब म्यूट. तो म्हणतो, "यार, काम झालंय हे मला माहितेय. पण 'कम्प्लीटेड' म्हणू, 'हॅव कम्प्लीटेड' म्हणू की 'डिड कम्प्लीट', हे ठरेपर्यंत पुढचा माणूस बोलायला लागलेला असतो." मग त्याने केलेलं काम टीममधलं दुसरंच कुणीतरी सांगतं आणि अप्रेझलमध्ये शेरा मिळतो, बोलण्यात कमी पडतो. म्हणजे विषय नुसता ग्रामरचा नाही, बॉस. पगाराचा आहे.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. तरी अनेकांची बोट याच खडकावर आपटते. असं का?

चारच तर रूपं!

खरं तर नियमित इंग्रजी क्रियापदाइतकं गरीब क्रियापद शोधून सापडायचं नाही. वर्क, वर्क्स, वर्किंग, वर्क्ड. संपलं! आपलं साधं 'बसणे' घ्या. बसलो, बसलास, बसलीस, बसला, बसली, बसलं, बसलात, बसल्या... एकट्या भूतकाळातच धाप लागते. हे सगळं न चुकता बोलणाऱ्या माणसाला चार रूपं जड जावीत?

गोम अशी आहे की आपण रोज शेकडो इंग्रजी क्रियापदं वापरतो, पण चालवत मात्र नाही. 'मेल फॉरवर्ड केला', 'फाइल चेक करतेय', 'मीटिंग कॅन्सल करू'. फॉरवर्ड, चेक, कॅन्सल जागेवर ढिम्म उभे. सगळी हमाली आपलं 'करणे' करतं. त्यामुळे खरं इंग्रजी वाक्य बोलायची वेळ आली की शेवटी ईडी लावायची (ती दुसरी ईडी नव्हे!) ही सवयच जिभेला नसते.

घोळ होतो कुठे?

आपल्या चुका अडाणीपणाच्या नसतात. बहुतेक वेळा त्यांच्या मागे चांगलं, शुद्ध मराठी असतं.

'मी ती फाइल काल चेक केली आहे.' मराठीत अगदी बरोबर. म्हणून आपण म्हणतो, 'आय हॅव चेक्ड इट यस्टर्डे'. पण इंग्रजीत 'यस्टर्डे' आलं की 'हॅव' बाहेर. वेळ सांगितली तर 'आय चेक्ड इट यस्टर्डे', वेळ न सांगता नुसतं झालंय म्हणायचं तर 'आय हॅव चेक्ड इट'.

'मी इथे तीन वर्षांपासून काम करतोय.' आपल्याकडे वर्तमानकाळ. इंग्रजीत मात्र 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स' किंवा 'हॅव बीन वर्किंग'. इंटरव्ह्यूमध्ये हे वाक्य हमखास लागतं, तेव्हा पाठच करून टाका.

आणि 'डिड यू चेक्ड?' मराठीत प्रश्न विचारताना क्रियापदाला हात लावावा लागत नाही. 'चेक केलंस' पुढे 'का' जोडला की काम झालं. इंग्रजीत मात्र 'डिड' आलं की भूतकाळाचं ओझं तेच उचलतं आणि मागे उरतं साधं 'चेक'.

काळ नव्हे, अदब

आता खरी मजा. भूतकाळाचं रूप नेहमी भूतकाळच सांगतं असं नाही. 'आय वॉन्टेड टु आस्क' म्हणणाऱ्याला आत्ताच विचारायचं असतं, पण अदबीने. परकं वाटलं? मग बॉसच्या केबिनच्या दारात आपण काय म्हणतो ते आठवा. 'सर, जरा विचारायचं होतं.' सेम फंडा!

कल्पनेतली गोष्टही याच रूपात येते. 'इफ आय वर्क्ड फ्रॉम होम', म्हणजे मी घरून काम करत असतो तर. आणि सूचना करताना 'आय सजेस्ट दॅट ही चेक द फाइल'. इथे 'चेक्स'मधला एस गायब, कारण हे घडतंय असं नाही, घडावं असं आहे. आपल्या 'त्याने तपासावं'मधला 'वं' तिथे नुसत्या मूळ रूपातून डोकावतो. ऑर्डर द्यायची असली तरी तेच मूळ रूप: 'चेक द फाइल'. (सीनियरला मात्र 'कुड यू' लावूनच!)

ईडीचा जमाना

एक दिलासा. इंग्रजी हळूहळू नियमितच होत चाललंय. 'हेल्प'चा भूतकाळ एकेकाळी 'होल्प' होता. 2007 साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं तपासली होती. त्यातली 98 च आज अनियमित उरलीत. नवं क्रियापद तर जवळजवळ नेहमीच ईडी घेऊन जन्मतं. गुगलचं झालं गुगल्ड. आणि आपणही कमी नाही, 'गुगललं' म्हणतोच की!

उद्याच्या कॉलआधी

• ईडीचे उच्चार तीन. वर्क, चेक, आस्कनंतर 'ट': वर्क्ट, चेक्ट. कॉल, प्लॅननंतर 'ड': कॉल्ड, प्लॅन्ड. मुळात शेवटी ट किंवा ड असेल तरच 'इड': वॉन्टिड, नीडिड.
• लिहिताना 'प्लॅन', 'स्टॉप'चं शेवटचं अक्षर डबल करा. 'ट्राय'चा वाय जाऊन आय येतो.
• सगळे बारा टेन्स घोकू नका. झालं, झालंय, चाललंय आणि होईल, या चारांवर बहुतेक स्टेटस कॉल निभावतात. आपल्या कामाची चार वाक्यं आरशासमोर मोठ्याने म्हणा.
• चुकलं तरी वाक्य पूर्ण करा. चुकीचा टेन्स समोरचा सावरून घेतो. न बोललेलं वाक्य मात्र त्याला कधीच ऐकू येत नाही, आणि त्या कामाचं क्रेडिट दुसऱ्याच्या नावावर जातं.