दिवस राहिले, बीपीच्या गोळीचं काय?

ब्रँडचं नाव सोडा, पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. तिथे टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल असेल, तर मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या. दिवस राहिलेच असतील तर आजच फोन करा. चौथ्या महिन्यापासून ही औषधं बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात. पुढच्या महिन्यांतलं गर्भजल म्हणजे बहुतांशी बाळाचीच लघवी. ती आटली की फुफ्फुसांची वाढही खुंटते. या औषधांऐवजी लॅबेटॅलॉल, सावकाश विरघळणारी निफेडिपिन किंवा जुनीजाणती मिथिलडोपा देतात.

‘पोटुशी आहेस, औषधं कशाला?’ हा घरगुती सल्ला मात्र ऐकू नका. अमेरिकेतल्या ‘चॅप’ चाचणीत (2022) आधीपासून सौम्य रक्तदाब असलेल्या 2,408 गर्भवती होत्या. औषधाने दाब 140/90च्या खाली ठेवला, त्या गटात गंभीर प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला रक्तदाबाचा घातक विकार) कमी आढळला आणि बाळंही लहानखुरी निपजली नाहीत.

बीपीखेरीज हृदयात धातूची झडपही असेल, तर रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून एक दिवसही चुकवू नका. बदल हृदयरोगतज्ज्ञच करतील. दाब 160/110च्या घरात गेला, डोकं ठणकू लागलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.