माडावरून पडण्याआधी आणि पडल्यानंतर

आमच्या भागात झाडावरून पडण्याला ऋतू आहेत. एप्रिल-मे महिन्यांत आंबे काढणारे पडतात. मेअखेरीस पावसाच्या तोंडावर घरावर आलेल्या फांद्या तोडण्याची एकच घाई उडते, तेव्हा तोडणारे पडतात. पावसाळ्यात कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारायला पोफळीवर चढलेला गडी शेवाळलेल्या खोडावरून घसरतो. पुढे भाजावळीसाठी कवळ तोडताना कोणी ऐनावरून खाली येतो. माडाला तर ऋतूच नाही. दीड-दोन महिन्यांनी नारळ पाडावेच लागतात, त्यामुळे माडावरून पडणारे रुग्ण बारमाही.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या व्यवसायात असे रुग्ण मी पुष्कळ पाहिले. त्यांतले काही जागीच गेले, काही महिनाभरात पुन्हा झाडावर चढले. आज मला प्रामुख्याने लिहायचे आहे ते या दोहोंच्या मधल्या माणसाविषयी. तो जगतो, पण कमरेखाली निकामी होऊन जगतो. त्यातल्या काहींचे पाय झाडावरून पडताना जात नाहीत, पडल्यानंतर उचलताना जातात. म्हणून हा लेख चढणाऱ्यांइतकाच, त्यांना चढायला बोलावणाऱ्या बागायतदारांनी आणि घरमालकांनीही वाचावा.

प्रथम थोडा हिशेब पाहू. दहा मीटर म्हणजे साधारण तीन मजली घराची उंची. तेवढ्यावरून सुटलेला माणूस दीड सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि आपटतो त्या क्षणी त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. पंधरा मीटरच्या माडावरून तो ताशी ६० किलोमीटरच्या वर जातो. पाच मीटर उंचीला आपण हसण्यावारी नेतो, "एवढ्याशा फांदीवर काय होणार" म्हणतो, पण तेथूनही वेग ताशी ३५ किलोमीटर होतो. मोटारसायकल या वेगाने भिंतीवर आदळली तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

माणूस बहुधा पायांवर किंवा बुडावर पडतो. धक्का टाचेतून वर चढत पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो. छातीचे मणके बरगड्यांनी जखडलेले असतात, कमरेचे मोकळे असतात. या दोहोंचा सांधा जिथे आहे, साधारण शेवटच्या बरगडीच्या पातळीवर, तिथला मणका चेपतो. उंचीवरून पडून टाचेचे हाड मोडलेल्या दर दहा रुग्णांत साधारण एकाचा मणकाही मोडलेला आढळतो. टाचेच्या वेदनेपुढे पाठीचे दुखणे रुग्णाला जाणवत नाही आणि सगळे टाचेलाच धरून बसतात. त्यामुळे झाडावरून पडून टाच सुजली असेल तर पाठीचाही एक्सरे काढून घेण्याचा आग्रह धरा.

मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. पायांना हालचालीचे हुकूम आणि लघवी-शौचावरचा ताबा त्याच्यातूनच जातो. मणका मोडला म्हणजे मज्जारज्जू तुटलाच, असे मुळीच नाही. पुष्कळदा हाड मोडलेले असते आणि आतली दोरी शाबूत असते. अशा वेळी चार भले लोक धावत येतात, दोघे काखेत हात घालतात, दोघे पाय धरतात आणि माणसाला झोळीसारखा उचलतात. पाठ मध्ये वाकते, मोडलेल्या हाडाचा कपचा मागे सरकतो आणि शाबूत असलेली दोरी चिरडली जाते. त्याहून वाईट म्हणजे मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणणे. माझ्या दवाखान्याच्या पायरीशी असे रुग्ण उतरवले गेले आहेत. "पडला तेव्हा पाय हलवत होता हो डॉक्टर," असे सोबतचा माणूस सांगतो, तेव्हा काय बोलावे सुचत नाही.

तेव्हा माणूस पडल्यावर पहिली गोष्ट ही की त्याला उठवून बसवू नका. पाणी आणि चहाही नको, कारण शस्त्रक्रियेची वेळ आली तर पोट रिकामे असलेले बरे आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. एकाने डोक्याशी गुडघे टेकून बसावे आणि दोन्ही हातांनी डोके स्थिर धरावे, म्हणजे मान हलणार नाही. रक्त वाहत असेल तर दुसऱ्याने स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. हळद, कॉफी पावडर, चुना यांतले काही भरू नये. बोलता येत असेल तर विचारा: पायाची बोटे हलतात का? मी हात लावतो ते कळते का? त्याचे उत्तर लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा, पुढच्या उपचाराला त्याचा फार उपयोग होतो. तिसऱ्याने १०८ क्रमांकावर फोन लावावा. ही मोफत रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे.

रुग्णवाहिका यायला वेळ लागणार असेल आणि हलवणे भागच असेल, तर घराचे एखादे दार काढा किंवा रुंद फळी, लांब बाकडे घ्या. चौघे लागतात. एक डोक्याशी, तिघे एका बाजूला, खांदा, कंबर आणि पाय धरून. डोक्याकडच्याने "एक, दोन, तीन" म्हणावे आणि सगळ्यांनी एकदम, ओंडका वळवावा तसा माणूस कुशीवर वळवावा. डोके, पाठ आणि पाय एका रेषेत राहिले पाहिजेत. पाठीला फळी लावावी आणि तसेच एकदम परत उताणे करावे. मग कपाळ, छाती, कंबर आणि मांड्या पंचांनी किंवा ओढण्यांनी फळीला बांधाव्यात. टेम्पो, पिकअप काहीही चालेल, फक्त फळी आडवी मावली पाहिजे. रिक्षा नको. गावात दोनदा सराव केला तर पोरेसुद्धा हे शिकतात. श्वास थांबला असेल तर मात्र पाठीची काळजी मागे पडते. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे.

पडलेला माणूस उठून चालू लागला तरी निश्चिंत होऊ नका. प्लीहा फुटली असेल तर पोटात रक्त हळूहळू साचते. माणूस घरी जातो, जेवतो आणि काही तासांनी पांढराफटक पडतो, घाम फुटतो, पोट दुखू लागते. डोक्याला मार असेल तर उलट्या होणे, सारखी झोप येणे, बडबडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. निदान २४ तास कोणीतरी जवळ असावे.

पाय गेलेल्या माणसाच्या घरी पुढे काय होते, हे बाहेरच्यांना दिसत नाही. कमरेखाली संवेदना नसते, म्हणून दुखत नाही. दुखत नाही म्हणून तो कूस बदलत नाही. एका जागी दाब राहून कातडी मरते आणि माकडहाडावर मूठ जाईल एवढी जखम होते. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, त्याला कुशीवर वळवावे लागते. लघवीची नळी, तिचा संसर्ग, पुन्हा ताप. वर्षानुवर्षे हे सारे करणारी बहुधा त्याची बायको असते आणि दिवसा तीच मजुरीलाही जाते. माझ्या एका रुग्णाच्या घरी भिंतीवर खडूने वेळा लिहिलेल्या मी पाहिल्या आहेत, दहा, बारा, दोन, चार. त्या घरात बारा वर्षांत एकही जखम झाली नाही. मोठ्या रुग्णालयांतही इतकी चोख शुश्रूषा मी क्वचित पाहिली.

आता पडण्याआधीचे. बऱ्या झालेल्या प्रत्येक रुग्णाला मी विचारतो, "नेमका कसा सुटलास?" उत्तरे फिरून फिरून तीच येतात. माडावर खोड चढताना पडणारे कमी, खोडावरून शेंड्यात शिरताना पडणारे जास्त. त्या क्षणी हात वाळलेल्या झावळीच्या देठावर पडतो आणि ती सुटून येते. गेंडा भुंगा किंवा सोंड्या भुंगा लागलेल्या माडाचा शेंडा आतून पोखरलेला असतो, तो खालून हिरवा दिसला तरी भरवशाचा नसतो. आंब्याला भिरूड लागलेली फांदी तशीच. जांभूळ आणि शेवगा तर निरोगी असतानाही दगा देतात. दिवसातले शेवटचे झाड, गांधीलमाश्यांचे पोळे, रात्री पडून गेलेला पाऊस, ही बाकीची कारणे. आणि दारू. "थोडी घेतल्याशिवाय चढायचे धाडस होत नाही," असे मला सांगणारे भेटले आहेत. भीती हे शरीराने दिलेले अवजार आहे, ते बोथट करून वर जाऊ नये.

काही कारणे आम्ही डॉक्टरच देतो, म्हणून ती इथे सांगणे माझे काम आहे. मधुमेहाची गोळी घेऊन न जेवता चढल्यास साखर एकदम उतरते, हातपाय थरथरतात आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः नव्याने सुरू केल्यावर, उभे राहताना चक्कर येते. सर्दी-खाजेच्या गोळ्यांनी गुंगी येते. गोळी लिहून घेताना "मी झाडावर चढतो" एवढे आवर्जून सांगा. फेफरे येणाऱ्याने चढूच नये. मोतीबिंदू वाढलेल्याला देठ आणि त्याची सावली यांतला फरक कळत नाही, त्याने आधी डोळे करून घ्यावेत. धनुर्वाताचे इंजेक्शन दर दहा वर्षांनी घ्यावे. कोयता गंजका आहे की नवा, हा प्रश्न त्यात येत नाही.

विजेचा मुद्दा वेगळा सांगतो, कारण तिथे दुसरी संधी मिळत नाही. ओली झावळी, हिरवी फांदी, ओला बांबू यांतून वीज वाहते. आंबे काढायची लांब काठी आणि ॲल्युमिनियमची शिडी तारांपासून दूरच हवी. झाड तारेला टेकलेले असेल तर वायरमनला बोलावून, वीज बंद झाल्याची खात्री झाल्यावरच चढावे. झाडावर चिकटलेल्या माणसाला वीज बंद होईपर्यंत कोणीही हात लावू नये.

या सगळ्यावर एक साधा उपाय आहे तो दोराचा. चढणारे हसतात. "आमच्या आज्याने कधी दोर बांधला नाही," म्हणतात. आज्याच्या बरोबरीचे किती पडले, हे मात्र ते सांगत नाहीत. केरळात नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये तरुणांना यंत्राने माडावर चढण्याचे प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली आणि पुष्कळ स्त्रियाही ते शिकल्या. यंत्र म्हणजे दोन पावलांच्या दोन चौकटी, प्रत्येकीची तार खोडाभोवती वेढलेली. एक पाय उचलावा, चौकट वर सरकवावी, भार द्यावा, की तार आवळते. सरळ माडाला ते छान चालते, आंब्या-फणसाला त्याचा उपयोग नाही. आणि यंत्र असले तरी अंगाला पट्टा हवाच.

नुसता कमरेला दोर बांधण्यापेक्षा खांदे आणि मांड्या यांतून जाणारा पूर्ण पट्टा चांगला. कमरेच्या दोरावर माणूस लटकला तर बरगड्या आणि पोट यांना मार बसतो. झाडात फिरताना दोन दोर असावेत. दुसरा वरच्या जिवंत, मांडीएवढ्या जाड फांदीला बांधल्यावाचून पहिला सोडू नये. गुरे बांधायचा किंवा होडीचा जुना दोर घेऊ नये. उन्हात पडलेला नायलॉनचा दोर वरून धड दिसला तरी कमकुवत झालेला असतो. आणि एकटे कधीही चढू नये. पट्ट्यात निश्चल लोंबकळत राहिलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांतच जिवाला धोका होऊ शकतो, म्हणून त्याला खाली उतरवू शकेल असा दुसरा चढणारा खाली हजर पाहिजे. आंबे काढणाऱ्यांना तर पुष्कळदा चढायचीच गरज नसते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला लांब काठीला लावला की खालच्या निम्म्या झाडाचे काम जमिनीवरून होते.

झाड बुंध्यातून पाडण्याचे शास्त्र इथे सगळे मावणार नाही. ज्या बाजूला पाडायचे तिकडे आधी खाच, मग मागून थोडा वर काप, आणि मध्ये बिजागरीसारखी लाकडाची पट्टी शिल्लक, एवढे जाणकारांना माहीत असते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आणि मे २०२१ च्या तौक्तेत पडलेली झाडे कापताना मात्र जाणकारही फसतात. आडव्या पडलेल्या, दुसऱ्यावर रेललेल्या झाडात ताण भरलेला असतो आणि काप बसताच खोड उसळून छातीवर येते. पेट्रोलवरच्या करवतीच्या पात्याचे टोक लाकडाला टेकले की ती तोंडाकडे उलटते. झाडावर चढून, एका हाताने ती चालवणे मी तरी कोणाला करू देणार नाही.

बागायतदारांना एक सांगणे. मजुरी माडामागे ठरलेली असते, म्हणून चढणारा घाई करतो. ओल असेल त्या दिवशी "आज नको" म्हणणाऱ्या गड्याला पुढच्या वेळी टाळू नका. पट्टा आणि दोर तुमच्याकडचे ठेवा, त्यांचा खर्च मणक्याच्या एका शस्त्रक्रियेपुढे काहीच नाही.

विम्याचेही पाहा. नारळ विकास मंडळाची माडावर चढणाऱ्यांसाठी 'केरा सुरक्षा' ही अपघात विमा योजना आहे, तिची चौकशी करावी. बँकेत खाते असेल तर १८ ते ७० वर्षांपर्यंत कोणालाही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नाव घालता येते. वर्षाला २० रुपये लागतात. अपघाती मृत्यू आला किंवा दोन्ही पायांची शक्ती कायमची गेली तर २ लाख रुपये मिळतात. त्या योजनेच्या नियमांत झाडावरून पडण्याचा उल्लेखच आहे आणि अशा अपघाताला रुग्णालयातली तातडीची नोंद पुरावा म्हणून लागते. त्यामुळे दाखल करताना केसपेपरवर नुसते "पाठदुखी" किंवा "पडून मार" न लिहिता "झाडावरून पडून" असे लिहून घ्या, तारीख आणि वेळ घाला, आणि त्या कागदाची प्रत घरी जपून ठेवा. हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. त्या आठवड्यात खात्यात २० रुपये आहेत ना, एवढे पासबुक भरून पाहावे.