जुन्या साउंड मॉड्यूलचा सौदा : ऐब सांगा, ऐब विचारा

आमच्या डोंगरीतील एका तरुण कीबोर्डवादकाने जपानहून आलेले जुने साउंड मॉड्यूल विकत घेतले. घरी लावताच अडॅप्टर जळाला. माल खोटा नव्हता; अडॅप्टर जपानच्या १०० व्होल्टचा आणि आपली वीज २३० व्होल्टची. विकणाऱ्याने सांगितले नाही, घेणाऱ्याने विचारले नाही.

हे यंत्र करते काय? आम्हा कापडवाल्यांना जॅकार्डवरून ते चटकन कळते. भोकांच्या पुठ्ठ्यात धागा नसतो. कोणता धागा केव्हा उचलायचा, एवढा हुकूम असतो. १९८३ साली आलेल्या ‘मिडी’ पद्धतीचेही तसेच. तारेतून आवाज जात नाही. कोणता सूर, केव्हा, किती जोराने, एवढेच जाते. आवाज काढते ते मॉड्यूल.

१९८७ चे रोलंड एमटी-३२ आणि १९९१ चे साउंड कॅनव्हास एससी-५५ यांना आजही गिऱ्हाईक आहे. संगणकावरील अनेक जुन्या खेळांचे संगीत त्यांच्यासाठीच बांधलेले आहे. मात्र दोन्ही एकच समजू नयेत. कोणत्या क्रमांकावर कोणते वाद्य, हे ठरवणारा ‘जनरल मिडी’ नियम १९९१ चा, एमटी-३२ त्याआधीचे. त्यावर एका वाद्याच्या जागी भलतेच वाद्य वाजू शकते.

म्हणून घेताना अडॅप्टरचे व्होल्ट व धन-ऋण टोके तपासावीत, प्रत्येक बटण दाबावे, दोन्ही बाजूंचा आवाज ऐकावा. विकताना दोष आधी सांगावा. खरे सांगून केलेल्या सौद्यात बरकत असते, ही पैगंबरांची (स.) शिकवण या मालालाही लागू आहे.